पालखीपुरती उघडणारी भिंत

शिमग्यात देवीची पालखी यायची असली की जी भिंत तुम्ही सकाळच्या चहाआधी उतरवता, ती भिंत रोज पलीकडे जाणाऱ्या बाईसाठी का उतरत नाही?

उत्तराची घाई नाही. आधी मला माझ्या आत्याशी बोलायचं आहे. तिला जाळून आठवडाही झालेला नाही, आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून लोंबतं आहे. तुम्ही बाजूला उभे राहून ऐका. शेवटी तुमच्याकडेच येणार आहे.

आत्ये, तुला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या ट्रकने मारलं. पेपरात दोन ओळी आल्या: हायवेवर पादचारी महिला ठार. पादचारी! जशी काय तू हवा खायला हायवेवर गेली होतीस. तू शालनकडे, तुझ्या मैत्रिणीकडे, चालली होतीस. शालनच्या घराची कौलं तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. तिची खोकल्याची उबळ भिंतीपलीकडून ऐकू आली की तू म्हणायचीस, "आज परत ताक प्यायली वाटतं भवानी." इतक्या जवळच्या बाईकडे जायला तुला सोसायटीच्या मोठ्या गेटातून बाहेर पडावं लागायचं. उतार उतरून हायवे. मग पांढऱ्या पट्ट्याला धरून, फुटपाथ नाही अशा कडेने वळणापर्यंत, तिथून वाडीचा फाटा, आणि फाट्यावरून पुन्हा मागे, जिथून निघालीस जवळजवळ तिथेच. भिंत नव्हती तेव्हा तू घरामागच्या पाखाडीने, म्हणजे त्या जांभ्याच्या जुन्या पायऱ्यांनी जायचीस, आणि डब्यातलं सार कढत पोचायचं. हायवेने गेलीस की शालन ते परत चुलीवर ठेवायची.

त्या दिवशी बांगड्याचं सार होतं. मला कसं माहीत? कारण ते डांबरावर होतं. डबा मागच्या चाकाखाली पत्र्यासारखा चपटा झाला होता. हवालदार म्हणाला, "ताई, तुम्ही नका बघू." मी बघितलं. लाल तिखट कुठे संपतं आणि तू कुठे सुरू होतेस ते कळत नव्हतं. एक कुत्रं वास घेत पुढे आलं. मी हातात येईल तो दगड घेऊन त्याच्या तोंडावर मारला. जनावराला मी आयुष्यात कधी मारलं नव्हतं. ते केकाटत पळालं आणि मला बरं वाटलं, आत्ये. मग मी ड्रायव्हरकडे गेले. तो कडेला उकिडवा बसला होता. मी त्याच्या शर्टाची गळपट्टी धरून त्याला उभा केला. विचारलं, "कुठे चालले होते चिरे?"

"नव्या स्कीमला, मॅडम. कंपाउंडला."

मी त्याला सोडून दिलं. तो माझ्या रागाला पुरणारा नव्हता.

हा सगळा सडा, हे कातळाचं पठार, तू मोकळा पाहिलास. कातळ, करवंदीच्या जाळ्या, मध्येच कुणाची हापूसची बाग, आणि त्या सगळ्यातून जाणाऱ्या वाटा. बागेच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, बेडं असायचं, बांबूचं. सरकवायचं, आत जायचं, मागे परत लावायचं, एवढाच नियम. दुसऱ्याच्या बागेतून गेलं म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. मग बागा विकल्या गेल्या, कातळ फोडला, आणि इमारतींच्या स्कीमा आल्या. एकीला एक चिकटून. प्रत्येकीला एकच तोंड आणि ते हायवेकडे. दोन इमारतींतली माणसं गॅलरीतून एकमेकांच्या आमटीचा वास घेतात आणि भेटायला रिक्षा करतात. शाळा गच्चीवरून दिसते, पण पोराला तिथे पाठवायचं तर ट्रकांच्या रांगेतून. याला शहर वाढलं म्हणतात. शहर वाढतं तेव्हा वाटा वाढतात. हे नुसतं सांडलंय, आत्ये, तुझ्या सारासारखं.

हे सगळं मी तुला शंभर वेळा ऐकवलं होतं. तू भाजी निवडत ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "झालं का पत्रक वाचून?"

पत्रकांचा तुला राग नव्हता. अण्णा, माझा बाप आणि तुझा मोठा भाऊ, त्याची पत्रकं छापून आली की त्यांच्या घड्या घालायला तूच बसायचीस. मी त्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले, माझ्या गालावर शाई उमटायची. बंदर, बागायती, कारखाना, धरण, ज्याच्याविरुद्ध म्हणून अण्णाने लिहिलं नाही असं काही उरलं नाही. जी पत्रकं उरायची ती तू स्वयंपाकघरात न्यायचीस. "दादाच्या क्रांतीवर मी कोलंबी सोलते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस. मोर्च्यात पहिल्यांदा घोषणा द्यायला मी उभी राहिले आणि माझा आवाज फाटला, तेव्हा अण्णा मला मुद्दे समजावत बसला. तू नुसतं माझ्या पोटावर बोट टोचलंस. "घशातून नको गो ओरडू. इथून ओरड. मी शालनला हाक मारते ती बघ." आणि खिडकीशी जाऊन अशी हाक मारलीस की खालच्या वाडीतली कोंबडी उडाली. पलीकडून शालन ओरडली, "काय गो, मेलीस काय?"

जे काही मी ओरडू शकते ते तुझं आहे. म्हणून तुझ्यावरच ओरडते, ऐक.

भिंतीला तू हात वर केलास.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, मी तुझ्या मागे उभी. चेअरमन म्हणाले, पाखाडीवरून दारुडे येतात, पायऱ्यांवर बाटल्या फोडतात, मागची बाजू बंद करून टाकू. मी तुझ्या कानात सांगत होते, आत्ये, नाही म्हण. तू वळून मोठ्याने म्हणालीस, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझं पत्रक माझ्या दाराला कडी लावायला येणार आहे काय? इथे मी एकटी राहते. खिडकीत मेलं कोण तोंड घालतं ते तू बघायला असतेस काय?"

सगळे हसले. तुझं खोटं नव्हतं. खिडकीत खरंच कुणीतरी डोकावलं होतं, आणि तू कोयता उशाशी घेऊन झोपायचीस. पण पायऱ्यांवर एक दिवा लावला असता तर? हे मी घरी येऊन विचारलं. तू म्हणालीस, "दिवा फोडतील." मी म्हणाले, "भिंतीवरून उडी मारतील." तू म्हणालीस, "उडी मारताना पाय मोडू दे त्यांचा." आपण दोघी त्या दिवशी जेवलो नाही. नंतर सोसायटीत चोरी झाली ती भर दुपारी, चोर गाडीतून आले, मोठ्या गेटातून, वॉचमनने त्यांना सलाम ठोकला. मी तुझ्याकडे नुसतं बघितलं. तू म्हणालीस, "बघतेस काय? चहा टाक."

पण त्याच मीटिंगमध्ये तू आणखी एक केलंस. भिंत घालायचं ठरल्यावर तू परत उभी राहिलीस. "आणि पालखी?" शिमग्यात ग्रामदेवीची पालखी खालच्या वाडीतून ह्याच पाखाडीने सड्यावर चढते. इमारत नव्हती तेव्हापासून. ज्यांनी वाडीचा विचार केला नव्हता ते सगळे देवीचा विचार करायला लागले. शेवटी तूच तोड सांगितलीस: मधला भाग सिमेंटने बांधायचा नाही. पालखी आणि दोन्हीकडचे खांदेकरी जातील एवढा भाग कोरडा रचायचा, गडगा रचतात तसा, चिऱ्यावर चिरा. पालखी आली की उतरवायचा, गेली की परत रचायचा.

सगळ्यांना ते फार आवडलं. भिंतही झाली, देवीही राखली. माणसांची वाट बंद करून देवाची ठेवायची ही अक्कल आमच्याच मुलखात सुचावी. आणि ती तुला सुचावी!

ह्या शिमग्याला मी आले होते. सोसायटीतले पुरुष बनियनवर येऊन चिरे उतरवत होते, हसत, एकमेकांना शिव्या घालत. एका चिऱ्याला दोघे. बघता बघता वाट मोकळी झाली. ढोल वाजला, पालखी नाचत वर आली, आणि तिच्या मागून, काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत, शालन. कितीतरी महिन्यांनी ती तुझ्या घरी आली. तुम्ही दोघी गॅलरीत बसलात, तिने तुझ्या कुंड्यांना नावं ठेवली, तू तिच्या लुगड्याला. चहा झाला, परत चहा झाला. आणि खाली पुरुषांनी चिरे परत रचायला घेतले. शालन अजून वरच होती! तू गॅलरीतून वाकून ओरडलीस, पोटातून ओरडलीस, "अरे मेल्यांनो, तिला जाऊ तर द्या आधी! का आता तिला पुढच्या शिमग्यापर्यंत मी पोसू?"

सगळे हसले. शालनही हसली. तिला धरून खाली नेली, त्या खिंडीतून पलीकडे सोडली, आणि तिच्या पाठीमागे चिरे चढत गेले. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोकं. तू बघत होतीस. मी तुझा चेहरा बघत होते.

मी म्हणाले, "आता बोल."

"शिमग्याला भांडू नये."

"शिमग्यालाच तर भांडतात, आत्ये."

"मग जा, भिंतीपुढे बोंब मार," म्हणालीस आणि आत जाऊन भांडी आपटत राहिलीस.

त्यानंतर तू शालनकडे जातेस की नाही ते मला कधी सांगितलं नाहीस. मी फोनवर विचारायचे, "घरीच आहेस ना?" "घरीच आहे गो. टीव्ही लावलाय." मागून हॉर्न. "टीव्हीत डंपरचा हॉर्न वाजतो?" "मालिकेत ॲक्सिडेंट चाललाय." तुला धाप लागलेली असायची. मालिका बघताना कुणाला धाप लागते? तू हायवेच्या कडेने चालत होतीस, एका हातात डबा, एका हातात फोन, आणि ते कबूल करायचं नव्हतं. कबूल केलं असतंस तर मी जिंकले असते. आणि मला हरवायची तुला एवढी हौस, की त्यासाठी रोज ट्रकांना खेटून चाललीस!

मूर्ख बाई. हट्टी, मूर्ख बाई. माझ्यावर मात करायला जीव पणाला लावलास.

आता तुझ्या शेवटच्या दिवसाचं सांगते, कारण तू तिथे होतीस आणि नव्हतीस.

हॉस्पिटलमधून तुला पांढऱ्या कापडात बांधून आणलं. तोंडावरचं कापड काढायचं नाही असं सांगितलं होतं. स्मशान खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, पाखाडी वाडीतून थेट तिथेच उतरते. आम्ही तुला तिरडीवर घेतलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. शालन. तिच्याने हायवेवरून फिरून येणं होत नव्हतं, म्हणून ती पलीकडे शेवटच्या पायरीवर येऊन बसली होती.

"कुंदे! अरे आणा रे तिला इकडनं! मला एकदा हात लावू दे!"

अण्णा चेअरमनना म्हणाला, "चिरे उतरवू या. खांद्यावरून ह्याच वाटेने नेतो."

चेअरमन म्हणाले, "अण्णा, समजून घ्या. जिथून देवी जाते तिथून प्रेत कसं न्यायचं? उद्या पालखी अडली तर सगळ्या सोसायटीला बोल लागेल. शववाहिका गेटात उभी आहे."

आवाज पलीकडे गेला असणार. कारण शालन अशी गरजली की मला वाटलं तूच उठून बसलीस. "कोण बोलला रे तो? माजी सासू ह्याच पाखाडीनं गेली! माजा नवरा ह्याच पाखाडीनं गेला! आन् त्याच साली पालखी ह्याच पाखाडीनं वर आली. देवीला कदी इटाळ झाला नाय, तुला रे कसला झाला?"

कुणी चिऱ्याला हात लावला नाही. शिमग्यात बनियनवर येऊन हसत चिरे उतरवणारे तेच पुरुष, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून उभे.

मग मी गेले. वरचा चिरा दोन्ही हातांनी ओढला. चिरा एकट्या माणसाला धड उचलत नाही, आत्ये, तुला माहीत आहे. कडेपर्यंत सरकला आणि सुटला, माझ्या पायावर. मी दुसऱ्याला हात घातला. चेअरमनने माझं मनगट पकडलं. "मुली, तमाशा करू नकोस." मी त्यांच्या हाताला चावले. खरंच चावले, दातांना त्यांच्या घड्याळाचा पट्टा लागला. ते ओरडले, कुणीतरी मला मागून कंबरेला धरून उचललं, मी लाथा झाडल्या, कुणाच्या तरी नडगीवर बसली. मी पोटातून ओरडत होते, तू शिकवलंस तसं. काय ओरडत होते ते लिहिता येणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, कुत्री कुठची, आणि मनातून खूश झाली असतीस.

मला धरून ठेवणारा अण्णा होता. आयुष्यभर सगळ्यांविरुद्ध लिहिणारा अण्णा माझ्या कानात म्हणत होता, "बाय, आता नको. तिला ताटकळत ठेवू नये." मी त्यालाही कोपर मारलं. तो हलला नाही. त्याचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते.

तुला गाडीत घातलं. गेटातून हायवेला, वळणावरून, जिथे अजून डांबरावर डाग होता त्याच्यावरून. तुला त्या रस्त्याने दोनदा नेलं, आत्ये. एकदा मारायला, एकदा जाळायला. आणि भिंतीपलीकडे शालन पायरीवर बसून चिऱ्यांना हात लावत होती. तिला वाटलं असेल, तू बरोबर दुसऱ्या बाजूला आहेस. तोपर्यंत तू तिथे नव्हतीस.

भडाग्नी अण्णाने दिला. मी बायकांच्या रांगेत उभी राहिले नाही, पुढे जाऊन बघितलं.

एक गोष्ट मला आता कधीच कळणार नाही. ती कोरडी रचाई तू देवीसाठी मागितलीस, की स्वतःसाठी? भिंतीला हात वर करताना तुला आतून कुठेतरी ठाऊक होतं का, की ही चूक आहे आणि एक दिवस ती हाताने काढता यायला हवी? विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "तुला सगळ्यात पत्रकच दिसतं." मीही मग जास्त मागत नाही. पण भिंतीच्या सबंध लांबीत तेवढाच एक भाग आहे जिथे सिमेंट नाही, आणि तो तुझ्यामुळे आहे. त्याबद्दल तुझे उपकार मानते. बाकीच्या भिंतीबद्दल भांडण चालू आहे. वर आले की पुढे भांडू.

शालनचा डबा आता मी नेते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मीठ कमी हाय. कुंदीला पण कदी मीठ जमलं नाय." मग रडली. मी हायवेने जाते, दुसरी वाट नाही. ट्रक बाजूने जातो तेव्हा ओढणी खेचली जाते. अण्णाचा फोन येतो, "कुठे आहेस?" आणि मी म्हणते, "घरीच आहे." आत्ये, काल ते माझ्या तोंडून निघालं आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून फोनवर हसत सुटले. अण्णा विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

आता तुम्ही. बाजूला उभे राहून ऐकत होतात, ते पुढे या.

आत्याच्या तेराव्याला जेवण नाही. त्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी सोसायटीच्या मागे त्या कोरड्या रचाईपाशी उभी असेन. पलीकडे शालन असेल. एकही चिरा फोडायचा नाही. उतरवायचा, पलीकडे न्यायचा, आणि पाखाडीच्या ज्या पायऱ्या खचल्यात तिथे बसवायचा, म्हणजे परत रचायला उरणार नाही. देवी पुढच्या शिमग्याला त्याच पायऱ्यांवरून येईल, आणि मधले सगळे दिवस माणसं जातील येतील. दारुड्यांची भीती वाटते त्यांनी बल्ब घेऊन यावं, मी होल्डर लावून ठेवते. विटाळाची भीती वाटते त्यांनी शालनशी बोलावं. चेअरमन, तुम्हीही या. मी चावणार नाही.

दूर राहणाऱ्यांनी आपल्या इमारतीच्या मागे जावं. तिथेही एक भिंत असेल, आणि पलीकडे कुणीतरी खोकत असेल.

पण जवळ असाल तर याच. भाषण नाही, पत्रक नाही. चिरा एकटीला उचलत नाही. एक टोक मी धरते, दुसरं तुम्ही धरा.